सरकारी दवाखान्यातून सुट्टी : कागदं आदल्या रात्रीच गोळा करून ठेवा

सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणले "आज सुट्टी", म्हणजे लगेच सुट्टी झाली असं नसतं बरं का. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मामाला साडेनऊला सांगितलं अन् बेड मोकळा झाला संध्याकाळी सहाला, कारण रेशन कार्ड गावाकडं पेटीत, पेटीची चावी मामीकडं, अन् मामी लग्नाला गेलती. तेवढा वेळ खाली कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) एक आजी स्ट्रेचरवर, लेक सलाइनची बाटली हातात धरून उभा, कारण वॉर्डात बेडच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जालना, बीड, परभणी, हिंगोली सगळीकडून पेशंट येतात, तिथं असे पाच-सात बेड अडले की खाली काय होत असेल बघा.

म्हणून आदल्या संध्याकाळीच सिस्टरला विचारा, उद्या सुट्टी होण्यासारखी आहे का. ठरवणार डॉक्टरच. आपण हट्ट करून पेशंट नेला तर फाइलवर "डामा" (म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी) लिहून सही घेतात, वाचल्याबिगर करू नका.

लागतं काय? पेशंटचं आधार, रेशन कार्ड, भरतीचा केसपेपर, पैसे भरले असतील त्या पावत्या. दोन-दोन झेरॉक्स ठेवा, मशीनपुढं लै लाइन असती.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली केस असेल तर आरोग्यमित्राला (योजनेचा दवाखान्यात बसणारा माणूस) गाठल्याशिवाय निघू नका. 2023 च्या निर्णयापासून पांढरं कार्डवालेही यात बसतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज फुकट. पॅकेजमध्ये सुट्टीनंतर 10 दिवसांची औषधं अन् घरी जायचं एसटीचं भाडं धरलेलं असतं, कोणी आपणहून सांगत नाही, मागून घ्या. अडलं तर योजनेच्या 155388 ला फोन लावा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथंच वाचा. मामाच्या कार्डावर इन्शुलिनचे युनिट 8 का 18 कळेना, परत वर जाऊन विचारलं, नाहीतर तीन दिवसांनी आम्हीच कॅज्युअल्टीत असतो. गोळ्या किती दिवस, टाके कधी काढायचे, काय त्रास झाला तर तडक यायचं, एवढं लिहून घ्याच. पुढं पूर्ण फाइलची नक्कल लागली तर लेखी अर्ज द्या, 72 तासांत द्यायचा नियम आहे.

अन् घरी जायला 108 ला फोन करू नका, ती इमर्जन्सीची गाडी आहे. बाळंतीण अन् लेकराला घरी सोडायला 102 फुकट येती.