वारेच्या प्रथिनांचे मापन

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईच्या रक्ताचा नमुना घेऊन त्यात वारेने (अपरेने) सोडलेली प्रथिने किती आहेत ते पाहण्याची ही पद्धत आहे. वार आईच्या गर्भाशयात रुजते, पण ती बनते फलित बीजांडापासून, म्हणजे बाळ ज्यापासून घडते त्याच पेशींपासून. त्यामुळे बाळाच्या गुणसूत्रांत दोष असेल तर तो बहुधा वारेतही असतो. तिच्या अंकुरांवरचा पेशींचा थर ही प्रथिने तयार करतो आणि ती आईच्या रक्तात उतरतात. बाळाला धक्का न लावता गर्भारपणाची हालहवाल कळते ती यामुळेच.

यातले सर्वांत परिचित प्रथिन म्हणजे एचसीजी. घरी करायच्या गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ याच संप्रेरकाची. १९२७–२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये सेलमार ॲशहाईम व बर्नहार्ड झोंडेक यांनी गर्भवतीची लघवी उंदरांच्या लहान माद्यांना टोचून त्यांच्या बीजांडकोशांतला बदल दाखवला. हे द्रव्य मेंदूतळाच्या पीयूष ग्रंथीतून येते असा तेव्हाचा समज होता. ते वारेचे आहे हे नंतर कळले. एचसीजीचे आल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात. आल्फा इतर काही संप्रेरकांतही सापडतो, म्हणून ओळख पटते ती बीटावरून. गर्भ रुजल्यावर एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होते, आठव्या ते अकराव्या आठवड्यादरम्यान शिखर गाठते आणि मग उतरू लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत ही वाढ मंदावली तर गर्भ गर्भनलिकेत रुजल्याची किंवा गर्भपाताची शंका घेतात. अशा वेळी एका आकड्यावरून काही ठरत नाही, ४८ तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जवळजवळ ठेवावे लागतात.

दुसरे महत्त्वाचे प्रथिन पॅप-ए, पूर्ण नाव प्रेग्नन्सी असोसिएटेड प्लाझ्मा प्रोटीन-ए. गर्भवतीच्या रक्तात ते १९७४ मध्ये ओळखले गेले, पण ते नेमके करते काय हे कळायला पाव शतक लागले. ते एक विकर (एन्झाइम) आहे: वाढीला चालना देणाऱ्या इन्सुलिनसदृश घटकाला बांधून ठेवणारे एक प्रथिन ते कापते आणि तो घटक मोकळा करते. डाऊन सिंड्रोम (२१ व्या गुणसूत्राची जादा प्रत) असलेल्या गर्भाच्या वेळी पहिल्या तिमाहीत पॅप-ए सरासरीने नेहमीच्या सुमारे निम्मे, तर मुक्त बीटा एचसीजी, म्हणजे आल्फाला न जोडलेला सुटा बीटा भाग, सुमारे दुप्पट आढळते. १८ व्या किंवा १३ व्या गुणसूत्राची जादा प्रत असेल तर दोन्ही कमी असतात. या दोन प्रथिनांच्या एकत्र तपासणीला बोलीत डबल मार्कर म्हणतात.

आकडा वाचण्याची रीत इथे फार महत्त्वाची आहे. त्या दिवसाच्या गर्भारपणात सामान्यतः आढळणाऱ्या मूल्यांचा मध्यक (चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधे येणारे मूल्य) घेतात आणि आपला आकडा त्याच्या किती पट आहे ते सांगतात. म्हणजे ०.५ आले तर ते मध्यकाच्या निम्मे. आईचे वजन जास्त असेल तर प्रथिने जास्त रक्तात पसरून विरळ होतात, धूम्रपानाने पॅप-ए घटते आणि जुळी असतील तर पातळी वाढते. हे सारे हिशेबात धरावे लागते. सर्वांत घातक चूक होते ती दिवसांची. पॅप-ए या काळात झपाट्याने चढत असते आणि मुक्त बीटा उतरत असते. अकरा आठवड्यांची गर्भवती बारा आठवड्यांची धरली, तर पॅप-ए कमी आणि बीटा जास्त वाटते. म्हणजे दोन्ही चुका डाऊन सिंड्रोमच्याच दिशेला बोट दाखवतात. म्हणून पाळीच्या तारखेवर न विसंबता सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवतात.

नमुनाही जपावा लागतो. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे द्रव्य घातलेल्या नळीतले रक्त पॅप-एसाठी चालत नाही, कारण ते द्रव्य या प्रथिनाला लागणारे धातूचे आयन ओढून घेते. रक्त गरम जागी पडून राहिले तर अखंड एचसीजी फुटून मुक्त बीटा खोटे वाढते.

या आकड्यांना आईचे वय आणि बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी जोडून एकत्रित शक्यता काढतात. यासाठी ११ ते १३ आठवडे ६ दिवस हा काळ ठरलेला आहे. शंभर नमुन्यांत पाच खोटे इशारे पत्करले तर डाऊन सिंड्रोमचे सुमारे ८५ ते ९० टक्के गर्भ हाती लागतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे, आणि अहवाल हातात देताना हे स्पष्ट सांगायलाच हवे. २५० त १ अशी शक्यता आली तरी तशा २५० पैकी २४९ गर्भांत तो दोष नसतो. ठाम उत्तर मिळते ते वारेच्या अंकुरांचा तुकडा किंवा गर्भजल तपासूनच. आईच्या रक्तातल्या मुक्त डीएनएची नवी तपासणी जास्त अचूक आहे, पण तो डीएनएही मुख्यतः वारेचाच असल्याने तीही चाळणीच राहते.

गुणसूत्रे निर्दोष असली तरी पॅप-ए फार कमी असणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. वार नीट रुजली नसेल तर पुढे बाळाची वाढ खुंटण्याचा किंवा आईला प्रीएक्लॅम्पसिया (गर्भारपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर विकार) होण्याचा धोका वाढतो. त्याचा अंदाज घेण्यासाठी पीएलजीएफ हे वारेच्या रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिनही मोजतात; धोका असलेल्या स्त्रियांत ते पहिल्या तिमाहीतच कमी असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री चाचणीत अशा तपासण्यांवरून निवडलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्पसिया त्यांच्यात १.६ टक्के, तर नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के आढळला.