इंजिनबदल (हौशी दमशर्यत)

इंजिनबदल : स्वस्तातल्या, बहुधा जुन्या मोटारगाडीतले मूळ इंजिन उतरवून तिथे जास्त घनक्षमतेचे (सिलिंडरांच्या एकूण आकारमानाने मोठे) इंजिन बसवण्याची रीत. सहा, बारा किंवा चोवीस तास चालणाऱ्या हौशी शर्यतींसाठी ती विशेष वापरली जाते. अशा शर्यतीत ठरावीक वेळात जास्तीत जास्त फेऱ्या मारणारी गाडी जिंकते. दोन-चार चालक आळीपाळीने बसतात म्हणून दम लागतो तो गाडीचाच, आणि त्यावरून येथे ‘दमशर्यत’ ही संज्ञा घेतली आहे. मेकॅनिकांच्या बोलीत ‘इंजिन चढवणे’, ‘इंजिन टाकणे’ किंवा नुसते ‘स्वॅप’ म्हणतात.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. पहिले मत इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीकडे बोट दाखवते. ही धावपट्टी १९०७ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने स्वस्तात मिळू लागली, तेव्हा काउंट लुई झ्बोरोव्स्की याने मर्सिडीजच्या सांगाड्यावर सुमारे २३ लिटरचे मायबाख विमान-इंजिन बसवले आणि १९२१ मध्ये ती गाडी ब्रुकलँड्सला पळवली. दुसरे मत कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांच्या पात्रांत धावणाऱ्या हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी घरच्या घरी बदललेल्या जुन्या गाड्यांना मूळ मानते. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांच्या) इंजिनाची गाडी आणली. ती इंजिने भंगारात मिळू लागल्यावर तरुण मंडळी ती फोर्डच्याच जुन्या ‘मॉडेल ए’मध्ये बसवू लागली. म्हणजे ही चाल १९३२ च्या आधीची असू शकत नाही आणि रुळली ती बहुधा त्या दशकाच्या उत्तरार्धात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मॉडेल एचे इंजिन ३.३ लिटरचे होते, तर व्ही-८ चे ३.६ लिटरचे. घनक्षमता फारशी वाढली नाही, पण शक्ती ४० अश्वशक्तीवरून ६५ वर गेली.

कालक्रमाने ब्रुकलँड्सचा दावा आधीचा आहे. तरीही आजच्या रीतीशी नाते जुळते ते दुसऱ्या परंपरेचे. झ्बोरोव्स्की धनाढ्य होता, त्याचे इंजिन प्रचंड होते आणि गाडी काही फेऱ्यांपुरती होती. खिशाला परवडेल ते इंजिन, घरचे हत्यार आणि शेजाऱ्याची मदत ही त्रयी हॉट रॉडवाल्यांकडेच सापडते. मोठे इंजिन म्हणजे जड इंजिन, हा समजही पुढे ढासळला. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ या ब्रिटिश गाडीमध्ये ३,५२८ घसेंचे (घन सेंटिमीटरचे) अ‍ॅल्युमिनियमचे रोव्हर इंजिन होते आणि ते मूळच्या १,७९८ घसेंच्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या जवळपास वजनाचे भरत असे.

स्वस्त गाड्यांच्या दमशर्यतीला आजचे रूप अमेरिकेत मिळाले. जे लॅम याने २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ सुरू केली. नाव फ्रान्समधील ल मांच्या १९२३ पासूनच्या शर्यतीवरचा श्लेष आहे, कारण रद्दी निघालेल्या गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. गाडीवरचा खर्च ५०० डॉलरच्या आत हवा, पण रोलकेज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), ब्रेक, चाके, टायर यांसारखी सुरक्षेची सामग्री त्या हिशेबात धरत नाहीत. एवढ्या पैशांत मोठे इंजिन कसे बसते, याचे उत्तर हिशेबाच्या रीतीत आहे. ठोकर लागलेली दाता-गाडी (जिचे इंजिन काढून घ्यायचे ती) घ्यायची आणि तिची दारे, काचा, सीट विकून तो पैसा खर्चातून वजा करायचा. परीक्षकांना हिशेब पटला नाही तर दंडाच्या फेऱ्या लागतात.

यंत्रशास्त्रीय बाजू : इंजिन जागेवर बसवणे हा कामाचा अवघड भाग समजला जातो, पण प्रत्यक्षात तो निम्माही नसतो. इंजिनाची फाउंडेशन रबरे, बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट, फ्लायव्हील आणि क्लचप्लेटच्या खाचा, ड्राइव्ह शाफ्टची लांबी आणि वायरिंगसह ईसीएम (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) या पाच ठिकाणी जुळणी पाहावी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यांतले असले तर मध्ये अडॅप्टर प्लेट घालतात. या प्लेटमुळे क्रँक आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य चुकता कामा नये. बेल हाउसिंगच्या भोकाला डायल (मोजमापाचा काटा) लावून पाहिल्यावर काटा साधारण ०.१२ मिमीपेक्षा जास्त हलला, तर बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. पाच फेऱ्यांत ते कळत नाही, रात्री दोन वाजता कळते.

म्हणून एकाच घराण्यातली इंजिने श्रेयस्कर. भारतात याचे सर्वांत परिचित उदाहरण मारुतीच्या जी-मालिकेचे आहे. झेनचे इंजिन ९९३ घसेंचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६१ मिमी. इस्टीमचे १,२९८ घसेंचे, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिमी. दोन्ही इंजिने आडवी (गाडीच्या रुंदीच्या दिशेने) बसतात आणि बरेचसे जोड जुळतात, मात्र स्ट्रोक १४.५ मिमी जास्त असल्याने बॉनेटखालची उंची आधी मोजून घ्यावी. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंधन फवारणाऱ्या) रूपात झेन ६० आणि इस्टीम ८५ अश्वशक्तीची. सुमारे साडेसातशे किलोच्या गाडीत हा फरक चालकाच्या पाठीला कळतो. झेन १९९३ ची आणि इस्टीम १९९४ ची, त्यामुळे ही जोडी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी रूढ झाली असण्याचा संभव कमी. जिप्सीतले १.३ लिटरचे इंजिनही याच मालिकेतले, पण ते उभे (गाडीच्या लांबीच्या दिशेने) बसते. त्याचा चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) निराळा असल्याने ते जसेच्या तसे झेनमध्ये चालत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. वळणावर बाजूचा वेग-बदल (त्वरण) गुरुत्वाकर्षणाइतका झाला की चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो, आणि साध्या रस्त्याच्या टायरवरही तो ४० अंशांच्या आसपास जातो. लांबलचक वळणात तेल एका बाजूला चढते, पंपाचा गाळणा उघडा पडतो आणि बिगएंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या जोडातली) कोरडी फिरते. चेंबरमध्ये पत्र्याचे आडपडदे जोडणे हा स्वस्त आणि रूढ उपाय आहे. ब्रेकचेही तसेच. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १४० वरून १५५ किमी झाला तर वेगाच्या वर्गाच्या नियमाने दर वेळी ब्रेकमध्ये किमान २२ टक्के जास्त उष्णता मुरते. मूळ रेडिएटर छोट्या इंजिनापुरता असतो, तोही बदलावा लागतो.

इंधनाचा बाऊ मात्र काहीसा जास्त केला जातो. दोन मिनिटांच्या फेरीप्रमाणे चोवीस तासांत ७२० फेऱ्या होतात. मोठ्या इंजिनामुळे पाच-पाच मिनिटांचे दोन थांबे वाढले, तर फक्त पाच फेऱ्या जातात. तुटलेला शाफ्ट बदलण्यात दोन तास गेले की साठ फेऱ्या गेल्या, आणि त्या भरून काढायला उरलेल्या बावीस तासांत प्रत्येक फेरी दहा सेकंदांनी लवकर संपवावी लागते. १.३ लिटरचे इंजिन झेनला एवढा फरक सहसा मिळवून देत नाही. काही लेखक इंजिनबदल हा वेगाचा प्रश्न मानतात, तर काही टिकाऊपणाचा. हे गणित दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहे.

नाशिक : येथे या रीतीची मुळे शर्यतीपेक्षा पोटापाण्यात दिसतात. पेट्रोल जीप आणि अ‍ॅम्बॅसडरमध्ये मॅटाडोरचे किंवा तत्सम डिझेल इंजिन बसवण्याचे काम महाराष्ट्रभर चाले. शाफ्ट कापून जोडणे आणि फाउंडेशनचे नवे ब्रॅकेट वेल्ड करणे ही कसबे त्यातूनच आली असावीत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लेथ व मिलिंगमुळे अचूक अडॅप्टर प्लेट शहरातच बनू शकते. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवेपर्यंत जुन्या सुट्या भागांचे ते मोठे ठिकाण होते. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी नाशिक परिसरात झाली आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९८२ मध्ये आखलेल्या ‘ग्रुप एन’मध्ये (जवळजवळ मूळ रूपातल्या गाड्यांच्या गटात) मंजूर भागांखेरीज काही चालत नसे, म्हणून इंजिन बदललेली गाडी ओपन गटातच उतरे.

महिंद्राच्या नाशिक कारखान्यात २००७ पासून बनलेली लोगन ही या दृष्टीने दुर्लक्षित राहिलेली गाडी आहे. तिच्या १,३९० आणि १,५९८ घसेंच्या पेट्रोल इंजिनांचा बोअर एकच, ७९.५ मिमी. स्ट्रोक मात्र ७० आणि ८०.५ मिमी. १.४ च्या गाडीत १.६ बसवण्याइतका सरळ बदल स्थानिक गाड्यांत विरळा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा साडेपाच टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास तेवढीच घटते. किनाऱ्यावर ८५ भरणारी अश्वशक्ती येथे ८० च्या आसपास येते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. एमएच-१५ ची (नाशिकच्या नोंदणीची) पाटी असलेल्या झेनमध्ये इस्टीमचे इंजिन टाकले की तिचा इंजिन क्रमांक आणि घनक्षमता दोन्ही नोंदणीपत्राशी जुळत नाहीत. अशी गाडी शर्यतीच्या जागी टेम्पोवर चढवून न्यायची असते.