पळणाऱ्याने एका पायावर का उभे राहावे?

पुण्यातली वेताळ टेकडी चढताना दम लागतो, पण गुडघा बोलायला लागतो तो उतरताना. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराला आवरून धरत असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. माझा उजवा गुडघा मात्र आठवडाभरानंतरही बाहेरच्या बाजूने दुखत राहिला, तेव्हा वाटले, अंग आखडले आहे, योगासनांनी मोकळे होईल.

वर्गातल्या बाईंनी पहिल्या दिवशी वाकायला सांगितलेच नाही. वृक्षासनात उभे केले आणि आरशाकडे बोट दाखवले. “उजव्या पायावर आलात की डावा खुबा खाली पडतोय, दिसतंय का?”

दिसत होते. पळण्याचे सगळे गणितच तिथे आहे. चालताना काही क्षण दोन्ही पाय जमिनीवर असतात, पळताना एकदाही नसतात. म्हणजे पळणे हे एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलेल्या उड्याच. प्रत्येक पाऊल पडताना शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर त्या एका पायावर येतो. किलोमीटरला सहा मिनिटे या गतीने १० किलोमीटर पळालात तर जवळजवळ १०,००० पावले पडतात. दर पावलाला कंबर सपाट राखण्याचे काम खुब्याच्या बाजूचा ग्लुटिअस मिडियस हा स्नायू करतो. तो कमी पडला की दुसऱ्या पायाकडची बाजू खाली झुकते, मांडी आत वळते आणि गुडघ्यावर तिरपा ताण येतो. वृक्षासन आणि तिसरे वीरभद्रासन ही एका पायावरची आसने नेमके याच स्नायूला कामाला लावतात; शिवाय घोटा आणि तळव्याचे छोटे स्नायूही तोल सावरायला शिकतात.

लवचिकतेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. टाचेमागची अकिलिस कंडरा ही स्प्रिंग आहे. पाय टेकताना ती ताणली जाऊन ऊर्जा साठवते, उचलताना परत देते. स्प्रिंगला थोडा ताठपणा लागतोच, म्हणून पळणाऱ्याला नर्तकाइतके लवचिक होण्याची गरज नाही. पळण्याआधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरला तर त्याची ताकद काही काळ कमीच होते. २५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या २०१४ च्या विश्लेषणात नुसत्या ताणण्याने खेळातल्या दुखापती कमी झालेल्या दिसल्या नाहीत. ताकदीच्या व्यायामाने मात्र पुष्कळ कमी झाल्या. म्हणून मला योगातली भार पेलणारी आसने पळणाऱ्यासाठी जास्त मोलाची वाटतात. तरीही आसनात भार आपल्या वजनापुरताच असतो. पोटऱ्यांसाठी आणि मांड्यांसाठी वजने उचलावीच.

ताणायचेच असेल तर कसे, याचे उत्तर पुण्यातच घडले. १९३७ मध्ये इथे आलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, दोर, घोंगड्या आसनांत आणल्या. १९७५ पासून मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत ही पद्धत शिकवली जाते. सुप्त पादांगुष्ठासनात पाठीवर झोपून तळव्यात पट्टा अडकवला की मांडीची मागची बाजू ताणली जाते, पण कंबर जमिनीला टेकलेलीच राहते. उभ्याने वाकून बोटे गाठण्याच्या हट्टात बहुतेक वेळा पाठच वाकते आणि मांडी तशीच आखडलेली राहते.

प्राणायामाने दमसास वाढतो असे आपण सहज म्हणतो. निरोगी माणसाच्या पळण्याला मर्यादा घालते ते मुख्यतः हृदय, एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलते ते. फुप्फुसांत सहसा जागा शिल्लक असते. प्राणायामाचा खरा उपयोग पळून झाल्यावर. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले आणि उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो, ठोके लवकर उतरतात.

आता तळजाई टेकडीवर पळायच्या आधी मी फक्त पाय झुलवते, चार सूर्यनमस्कार घालते आणि निघते. पट्टा, वीट, वृक्षासन संध्याकाळी. उजव्या पायावर अजून वीस सेकंदांनी घोटा थरथरतो. डावा खुबा मात्र जागेवर राहतो.