नवा पोट्टा, नूब आणि उमेदवार

“नवा हाय पोट्टा, जाऊ दे ना बे.” नागपुरात नवख्याची चूक अशी पोटात घातली जाते. त्याच पोट्ट्याने लॅपटॉप उघडून एखादा बाळबोध प्रश्न विचारला, तर मात्र त्याचा ‘नूब’ म्हणजे अडाणी नवखा होतो. हा शब्द आपल्याकडच्या पोरांनी मोबाइल गेममधून उचलला असला, तरी नव्यांची टर उडवण्याची संगणकी परंपरा बरीच जुनी.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९७५च्या सुमारास संगणकावर किती ‘यूझर्स’ काम करताहेत, तो आकडा टर्मिनलच्या पडद्यावर दिसायचा. कुणीतरी गमतीने तिथे ‘लूझर्स’ केलं. दुसऱ्याने ते पुसलं, तिसऱ्याने परत लिहिलं. अखेर ‘यूझर’च्या आधी एक ‘एल’ चिकटवून तडजोड झाली. उच्चार ‘लूझर’च राहिला.

तरीही खरी कटुता आली ती गर्दीमुळे. यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-कट्ट्यावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, काही आठवडे धडपडायचे, मग रीतीभाती शिकून मिसळून जायचे. १९९३पासून हा ओघ वाढत गेला आणि १९९४मध्ये एओएल या घरोघरी ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना दार उघडून दिल्यावर तो थांबेचना. जुन्यांनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटलं. आखाड्यात एक वस्ताद दहा-वीस पठ्ठे घडवतो. हजार आले तर तोही खेकसणारच. (म्हणून खेकसणं योग्य ठरत नाही, ते सोडा.)

आपल्या भाषेत याला शब्दांची वाण नाही. खेळातलं ‘कच्चं लिंबू’ गोड, पण त्यात थोडी कीव आहे: खेळ, तुझ्यावर राज्य नाही. ‘नवशिक्या’ त्यातल्या त्यात बरा. तोही सुरावर अवलंबून. मला सगळ्यांत भावतो ‘उमेदवार’. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. १९६१च्या कायद्याखाली कारखान्यात काम शिकणाऱ्याला मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. आयटीआयच्या पोरांना हा शब्द तोंडपाठ. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत त्याच वयाची पोरं ‘फ्रेशर’ होतात.

२०१८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने जाहीरपणे मान्य केलं की आपल्याकडे नव्यांना परकं वाटतं. गिटहबवर, म्हणजे जिथे लोक मिळून सॉफ्टवेअरचा कोड लिहितात तिथे, तर तोडगा वेगळाच निघाला. तिथे सोप्या कामावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (पहिल्यांदा करायला चांगलं काम) अशी चिठ्ठी लावतात. चिठ्ठी कामाला असते, माणसाला नाही. ते काम उचलणारा कालचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.