पुरीची पिवळी भाजी आणि वड्याचं सारण

दोन्हींत उकडलेला बटाटा, हळद, हिंग, मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर. दिसायलाही सारखंच. म्हणून पुण्यातल्या कितीतरी घरांत दुपारची उरलेली भाजी संध्याकाळी गोळे वळून बेसनात बुडवली जाते, आणि वडे तेलात फुटतात. भाजी ओलसर हवी, सारण कोरडं हवं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

मंडईत बटाटा घेताना जुना आहे का ते बघा. नव्या बटाट्याचं साल अंगठ्याने घासलं तरी सुटतं. त्यात पाणी जास्त, पिठूळपणा कमी. भाजीत त्याच्या फोडी छान टिकतात, सारणात मात्र तो चिकट होतो. दोन्हीसाठी बटाटे अख्खे, सालासकट, कुकरच्या डब्यात पाणी न घालता उकडावेत. मध्यम बटाट्याला ३ ते ४ शिट्ट्या पुरतात. चिरून पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पितो, आणि ते पाणी नंतर परतून लवकर जात नाही.

अर्धा किलो बटाट्यांच्या भाजीला ३ मोठे चमचे तेल लागतं. कमी तेलात ती कोरडी, घशाला अडकणारी होते. मोहरी तडतडली की १ चमचा उडीद डाळ गुलाबी होऊ द्या, मग पाव चमचा हिंग, कढीपत्ता, ४ उभ्या चिरलेल्या मिरच्या, १ चमचा किसलेलं आलं, शेवटी अर्धा चमचा हळद. हळद जळली की भाजी कडवट लागते, म्हणून बटाटे हाताशी तयार ठेवावेत. ते पूर्ण गार करून चिरलेले असावेत. गरम बटाटा सुरीखाली भुगा होतो. चवीला मीठ, अर्धा चमचा साखर, पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून ३ मिनिटं वाफ. ४-५ फोडी डावाने मुद्दाम मोडाव्यात, म्हणजे मसाला धरून राहतो. लिंबू गॅस बंद केल्यावर. श्रीखंड-पुरीच्या पानात ही भाजी कांदा-लसणाशिवायच शोभते.

सारणाला तेवढ्याच बटाट्यांना दीड मोठा चमचा तेल पुरे. इथे लसूण हवाच: ८ पाकळ्या, ६-७ मिरच्या आणि इंचभर आलं खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलेला ठेचा नको. फोडणीत ठेच्याचा कच्चा वास जाईपर्यंत परता, हळद घाला, आणि कोमट बटाटे हाताने कुस्करून त्यात मिसळा. फार मळलं किंवा मिक्सरमधून काढलं की बटाट्यातला स्टार्च सुटतो आणि सारण डिंकासारखं चिकटतं. पाणी नाही, झाकण नाही; ३-४ मिनिटं परतून ताटात पसरून गार करा. कोथिंबीर धुऊन, कोरडी करून, सारण गार झाल्यावरच घाला. मीठ-तिखट भाजीपेक्षा थोडं चढं ठेवा, कारण वरचं बेसन चव मऊ करतं. कढीपत्ता बारीक चिरा. अख्खं पान गोळ्यातून डोकावलं की तिथेच कव्हरला भोक पडतं.

वडा फुटतो तो वाफेमुळे. सारणातलं पाणी गरम तेलात वाफ होतं, कव्हर जिथे पातळ असेल तिथून बाहेर पडतं आणि त्याच वाटेने तेल आत शिरतं. सारणात कच्चा कांदा घातला तरी हेच होतं, कारण मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं. बेसनाचं पीठ बोटावर जाडसर थर धरेल इतकं घट्ट हवं. सोडा चिमूटभरच; जास्त झाला की वडे तेल पितात आणि हळदीमुळे लालसर दिसतात. तेल १७० ते १८० अंशांवर ठेवा, म्हणजे पिठाचा थेंब टाकताच वर येतो. एका वेळी ४ वड्यांपेक्षा जास्त सोडले तर तेल थंड होतं.

भाजी उरलीच असेल आणि वडेच हवे असतील, तर ती झाकण न ठेवता कढईत कोरडी करा, कुस्करा आणि वाटीभर भाजीला १ मोठा चमचा पातळ पोह्यांची पूड मिसळून १० मिनिटं ठेवा. पोहे उरलेली ओल शोषतात. मिरचीचे मोठे तुकडे काढून टाका, लसणाचा ठेचा वेगळा परतून घाला. उलटा प्रवास सोपा आहे: उरलेल्या सारणावर २ चमचे तेलाची फोडणी, पाण्याचा हबका, एक वाफ. फोडी मिळणार नाहीत, पण डोशात भरायला ती भाजी उत्तम.