इंजेक्टरच्या आधी रिंग बघा

वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, सिग्नलला उभी असली की थरथरते, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये निदान झटपट होतं: इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) गेले, चारही बदला. पण अनेकदा इंजेक्टर ठणठणीत असतात आणि गेलेली असते ती त्यांच्यावरची रबरी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारं गोल कडं. इंजेक्टरच्या मानाने तिची किंमत काहीच नाही, म्हणून आधी तिची तपासणी व्हायला हवी.

प्रत्येक इंजेक्टरला अशा दोन रिंगा असतात. वरची रिंग पेट्रोलच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत बसते. तिथला दाब साधारण ४५ ते ५० पीएसआय, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. ती सैल झाली तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल झिरपतं आणि आग लागू शकते. हा वास एक दिवसही अंगावर काढू नये. खालची रिंग इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत असते. तिथे उलट निर्वात असतो, त्यामुळे सैल रिंगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इंजिन मुळात थोडीच हवा घेतं आणि निर्वातही तेव्हा बराच जास्त असतो. म्हणून ही चोरटी हवा तेव्हा जाणवते, आणि रस्त्यावर वेग घेतल्यावर तीच गाडी शहाण्यासारखी चालते.

रिंग गळती थांबवते ती स्वतःच्या ताणाने. खाचेत दाबून बसवलेलं रबर मूळ आकारात परतायला धडपडतं आणि ती धडपड धातूच्या भिंतीवर रेटा देत राहते. रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत काही जुने बंध तुटतात आणि दबलेल्या अवस्थेतच नवे जुळतात. मग तो दबलेला आकारच रबराचा स्वतःचा आकार होऊन बसतो. जुनी रिंग काढून उजेडात धरा: गोल छेदाऐवजी दोन्ही बाजूंनी चपटी, चपट्या भागावर चकाकी, नख रुतत नाही, आणि ताणली तर तुटते. थंडीत रबर आक्रसतं, तेही स्टीलच्या सुमारे दहापट. त्यामुळे अशी रिंग सकाळी गळते आणि इंजिन तापलं की फुगून पुन्हा बसते. दुपारी गॅरेजला नेलेल्या गाडीत दोष सापडत नाही तो यामुळेच.

आता रबर कोणतं, हा खरा मुद्दा. आणि त्याचं उत्तर समजून घ्यायला बडोद्याइतकं योग्य गाव नाही. शहराजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत १९६५ पासून पेट्रोल बनतं, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या इथल्या संकुलात पॉलिब्युटाडाईन रबरही बनू लागलं आणि ॲक्रिलोनायट्राईलही. पॉलिब्युटाडाईन पेट्रोलमध्ये ठेवलं तर फुगून निकामी होतं, कारण दोन्ही हायड्रोकार्बन. सजातीय रेणू एकमेकांत सहज शिरतात. पण ब्युटाडाईनच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राईल गुंफलं की नायट्राईल रबर तयार होतं. त्यातल्या नायट्राईल गटांवर विद्युतभार असमान वाटलेला असतो, त्यामुळे पेट्रोलला आत वाट मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या कितीतरी सीलांत हेच रबर असतं.

मग आलं इथेनॉल. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलचे रेणूही असमान भाराचे, म्हणजे नायट्राईल गटांचे सोयरेच. जो गट पेट्रोलला अडवतो तोच अल्कोहोलला जवळ करतो, आणि रिंग फुगते, मऊ पडते. इथे फ्लोरिनयुक्त रबर लागतं. ड्युपॉन्ट या अमेरिकी कंपनीने १९५७ साली ते ‘व्हायटन’ नावाने बाजारात आणलं. आजही काउंटरवर तेच नाव चालतं.

बडोद्यात आणखी एक अडचण आहे, सीएनजीची. मिक्सरवालं (हवेत गॅस मिसळणारं) जुनं किट असलेली गाडी थेट गॅसवर सुरू करता येते, म्हणून काहीजण पेट्रोलची टाकी महिनोन्महिने कोरडी ठेवतात. रबर मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं पेट्रोलने आधीच बरीचशी धुऊन नेलेली असतात. आता मुरलेलं पेट्रोलही उडून जातं, आणि रिंग नवी असताना होती त्याहून बारीक आणि कडक होते. गॅस पंपावरची रांग टाळायला एखाद्या दिवशी पेट्रोल भरलं की ती गळू लागते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की टाकीत पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून गाडी त्यावर चालवा.

रिंगा बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. इंजेक्टर उपसण्याआधी भोवतालची माती साफ करायलाच हवी, नाहीतर ती थेट इंजिनात जाते. जुनी रिंग काढायला लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकची टोकदार पट्टी घ्या. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा उमटला तर नवी रिंगही तिथून गळेल. वरच्या आणि खालच्या रिंगेचं माप वेगळं असू शकतं, त्यांची अदलाबदल नको. रंग बघून व्हायटन ओळखता येत नाही, तेव्हा पाकिटावर वाचून, गाडीच्या मॉडेलचीच मागा. स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवून इंजेक्टर सरळ दाबायचा; कोरडी रिंग पीळ खाते आणि कडेला कापली जाते. सिलिकॉनचा गम इथे चालत नाही, पेट्रोल तो टिकू देत नाही.

सगळं जोडून झालं की इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. पंप रेल भरेल, तेव्हा टॉर्चने प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्याभोवती बघा. जागा कोरडी हवी. हीच तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पुन्हा करा.