जुन्या मॉडेल इंजिनात डिकोडर बसवण्यापूर्वी

कपाटात हॉर्नबी, ट्राय-अँग, लिमा किंवा अ‍ॅथर्नची जुनी मॉडेल रेल्वे इंजिने जपून ठेवलेली आहेत आणि लेआउटवर (घरच्या रुळांच्या मांडणीवर) मात्र आता डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल आले आहे, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. यातल्या बहुतेक इंजिनांत डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेल्या आज्ञा ओळखणारे छोटे सर्किट, बसतो. आठ पिनांचे सॉकेट असलेल्या नव्या इंजिनात तो नुसता खोचला की काम होते. जुन्या इंजिनात तसे नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर इंजिन त्याच्या हाती देऊ नका.

जुन्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पद्धतीत रुळांवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी-जास्त केला की इंजिनाचा वेग बदलतो आणि धन-ऋण उलटवले की दिशा बदलते. डीसीसीमध्ये रुळांवर साधारण १४ ते १६ व्होल्टचा पूर्ण दाब कायम असतो आणि त्यातूनच आज्ञा जातात. डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो. म्हणून रूळ आणि मोटर यांच्यामध्ये फक्त डिकोडरच हवा, दुसरी कोणतीही वाट नको. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात याचे मानक ठरवले. त्यामुळे डिकोडर एका कंपनीचा आणि कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतो.

मोटर चासीपासून सुटी करणे

खरे काम हेच आहे. जुन्या इंजिनांत वायरी वाचवण्यासाठी धातूच्या चासीचाच वायरसारखा उपयोग केलेला असतो. एका रुळाची वीज चाकांतून चासीत आणि चासीतून थेट मोटरच्या एका ब्रशला (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याला) जाते. डीसीवर यात काहीच अडचण नव्हती. डिकोडर जोडल्यावर मात्र हीच वाट रुळांचा पूर्ण दाब डिकोडरच्या मोटरकडच्या बाजूवर आणते आणि डिकोडर क्षणात जळतो.

ट्राय-अँग-हॉर्नबीच्या एक्स०४ मोटरमध्ये दोन्ही ब्रश एकाच स्प्रिंगने दाबलेले असतात. स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची नळी असते, दुसरा पाय उघडा असतो. आम्ही त्या दुसऱ्या पायावरही नळी चढवतो आणि दोन्ही ब्रशना वेगवेगळ्या वायरी देतो. अ‍ॅथर्नच्या निळ्या खोक्यातल्या डिझेल इंजिनांत मोटरच्या खालच्या पट्टीची टोके चासीला टेकतात. ती काढावी लागतात आणि मोटरखाली कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ टेप) चिकटवावी लागते. त्यानंतर मल्टिमीटरने दोन्ही ब्रश प्रत्येक चाकाशी आणि चासीशी तपासतो. कुठेही बीप वाजता कामा नये. हे झाल्याशिवाय आम्ही डिकोडरचे पाकीट उघडत नाही.

मग लाल आणि काळी वायर रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे. मोटरवर जुना कंडेन्सर असेल तर तो बहुधा काढतो. टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून तो लावलेला असे, पण मोटरचा वेग मोजून तो स्थिर ठेवणाऱ्या डिकोडरला त्याचा अडथळा होतो.

आधी डीसीवर चालवून पाहा

डीसीवर अडखळणारे इंजिन डिकोडरने सुधारत नाही. म्हणून आम्ही आधी चाके, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा भाग) आणि सुकून चिकट झालेले वंगण साफ करतो, मग १२ व्होल्टवर चाके क्षणभर अडवून मोटर किती प्रवाह ओढते ते मोजतो. जुन्या मोटरी १ अँपिअरच्या पुढे सहज जातात, आणि तेवढा भार पेलणाराच डिकोडर लागतो. इथे स्वस्त डिकोडर घेण्यात बचत नाही. चुंबक क्षीण झाला असेल तर प्रवाह आणखी वाढतो. अशा वेळी नवा निओडायमियम चुंबक बसवणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. एक विनंती: अल्निको चुंबकाची जुनी मोटर घरी उघडू नका. आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) बाहेर काढले की चुंबकाची ताकद उतरते.

दिव्यांचेही तसेच. जुन्या बल्बचे एक टोक बहुधा चासीला जोडलेले असते, तेही सोडवावे लागते. १२ व्होल्टचा बल्ब डीसीसीवर जास्त तापतो आणि जवळचे प्लास्टिक वितळू शकते. आम्ही त्याऐवजी १ किलोओहम रेझिस्टरसह पिवळसर एलईडी लावतो. त्याचा उजेड जुन्या बल्बच्या जवळ जातो.

काही इंजिनांना आम्ही नाही म्हणतो. जस्ताच्या मिश्रधातूची चासी फुगून तडकली असेल किंवा आत जागा करण्यासाठी चांगले मूळ ओतकाम कापावे लागणार असेल, तर ते इंजिन जसे आहे तसे जपावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुर्मीळ इंजिनात कायमचा बदल करण्याआधी तुमची लेखी संमती घेतो.

डिकोडर कारखान्यातून ३ या क्रमांकावर येतो. पहिली चाचणी आम्ही प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर घेतो, कारण तिथे प्रवाह मर्यादित असतो आणि जोडणीत चूक असली तरी डिकोडर वाचतो. नंतर इंजिनावर रंगवलेला क्रमांकच त्याला देतो आणि सुरुवातीचा व कमाल वेग ठरवतो. जुने इंजिन रांगत सुटावे यासाठी या टप्प्याला आम्ही भरपूर वेळ देतो.

इंजिन परत नेताना काढलेला प्रत्येक भाग तुम्हाला पुडीत मिळेल आणि सोबत डिकोडरमध्ये भरलेल्या सर्व सीव्ही मूल्यांची (क्रमांक, वेग अशा सेटिंगच्या आकड्यांची) चिठ्ठी असेल. ती इंजिनाच्या खोक्यातच ठेवा. डिकोडर कधी रीसेट करावा लागला तर तिच्यावरून सगळे पुन्हा भरता येते.